पोट आत, श्वास बाहेर

मराठी माणसाचं पोट शर्टाच्या गुंड्यांशी भांडायला लागलं की त्याला ओळखीपाळखीचे लोक तीन सल्ले देतात. रोज चालायला जा, रात्रीचा भात सोड आणि कपालभाती कर. चालायला पहाटे उठावं लागतं, भात सोडायला काळीज दगडाचं लागतं. कपालभाती मात्र बसल्या जागी होते. त्यामुळे तिसरा सल्ला आपल्याकडे फार लवकर पटतो.

आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये सकाळी सहाला हा वर्ग भरतो. सगळ्यांची कपालभाती एकदम सुरू झाली की कर्जतहून घाट चढणाऱ्या गाडीला मागून इंजिनं लावल्यासारखा आवाज येतो. योगाच्या बाई कडक आहेत.

“काका, खांदे नका उडवू. फक्त पोट हलू दे.”

“बाई, पोट मी न हलवताही हलतं.”

“आणि श्वास ओढू नका. फक्त सोडायचा. आत तो आपला आपण येतो.”

हे काकांना अवघड जातं. जे आपल्याला मिळायचंय ते न मागता मिळेल, यावर सरकारी नोकरीत उभी हयात गेलेल्या माणसाचा विश्वास बसायचा कसा?

कपालभाती हा मुळात प्राणायाम नव्हेच. पंधराव्या शतकातल्या ‘हठयोगप्रदीपिके’त स्वात्मारामांनी तिला धौती, बस्ती, नेती, त्राटक आणि नौलीच्या पंगतीत, म्हणजे शरीरशुद्धीच्या सहा क्रियांत बसवलंय. शिवाय बजावलंय की, ज्यांच्या अंगात मेद आणि कफ जास्त त्यांनी आधी या क्रिया कराव्यात, बाकीच्यांना गरज नाही. पाचशे वर्षांपूर्वीच कुणीतरी आपल्याकडे बोट दाखवून ठेवलं होतं म्हणायचं! याच यादीतल्या धौतीसाठी चार बोटं रुंद आणि पंधरा हात लांब ओलं फडकं हळूहळू गिळायला सांगितलंय. हे वाचल्यावर रात्रीचा भात सोडणं एकदम सोपं वाटायला लागतं.

मध्यंतरी इंजिनिअरिंगला असलेल्या माझ्या भाच्याने वर्गात एक बॉम्ब टाकला. “मामा, चरबी घामातून जात नाही, श्वासातून जाते.” पोरगं खरं बोलत होतं. रुबेन मीरमन आणि अँड्र्यू ब्राऊन या ऑस्ट्रेलियातल्या दोघांनी २०१४ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये याचा हिशेबच मांडलाय. दहा किलो चरबी पुरती जळली तर ८.४ किलो कार्बन डायऑक्साइड होऊन नाकावाटे निघून जाते आणि उरलेल्या १.६ किलोचं पाणी होतं.

हे ऐकून वर्गाला उधाण आलं. चरबी नाकातून जाते आणि नाक आपलं स्वतःचं आहे, मग उशीर कशाला? काकांनी वेग दुप्पट केला. थोड्याच वेळात त्यांची बोटं मुंग्यांनी बधिरली आणि हॉल गरगरायला लागला. बाईंनी त्यांना भिंतीला टेकवून बसवलं आणि भाच्याला हिशेबाची उरलेली बाजू सांगायला लावली. भराभर श्वास सोडला की रक्तात आधीपासून असलेला कार्बन डायऑक्साइड तेवढा कमी होतो. त्याने मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसतात आणि चक्कर येते. चरबी जागची हलत नाही. तिचा वायू व्हायचा तर शरीराला ऊर्जेची गरज पडावी लागते आणि ती खाण्यातून पुरी पडता कामा नये. म्हणजे फिरून गाडी त्या पहिल्या दोन सल्ल्यांवरच आली.

प्राणायामाने जास्त प्राणवायू मिळतो, ही समजूतही जुनीच. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली लोणावळ्याला कैवल्यधाम काढलं आणि योग प्रयोगशाळेत नेला. श्वास यंत्राने मोजून त्यांनी सांगितलं की, प्राणायामाचं मोल जादा प्राणवायूत नाही, दुसरीकडे आहे. लोणावळ्यात शंभर वर्षं हे संशोधन चाललंय आणि आपण तिथून काय आणतो? तर चिक्की.

मग आमच्या वर्गात कुणाचंच वजन उतरलं नाही का? उतरलं की! दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनींचं. त्यांना सकाळी डब्यांच्या घाईत यायला जमत नाही, म्हणून त्या संध्याकाळी सहाला घरीच बसतात. आधी कपालभाती, मग सावकाश अनुलोम-विलोम, शेवटी भ्रामरी. सगळ्यांनी विचारलं, रहस्य काय? वहिनी म्हणाल्या, “अहो, बाईंनी सांगितलंय ना, जेवणानंतर चार तास पोट रिकामं हवं. मग चारचा चहा-चिवडा आपोआप गेला. सहाला बसून उठेपर्यंत सात वाजतात. मग भजी कशाला, सरळ जेवूनच घेते.” शिवाय संथ श्वासाने जीव शांत होतो, रक्तदाबही थोडा उतरतो. वैतागून डब्यात हात घालणारी माणसं असतात, त्यांना या शांतीचा फायदा वेगळाच.

आमच्या सकाळच्या वर्गाचं शास्त्र निराळं. पोट रिकामं ठेवायचा नियम आम्हीही पाळतो, पण झोपेत. वर्ग सुटला की सगळे कोपऱ्यावरच्या मिसळीकडे वळतात. “आज चांगला व्यायाम झालाय” म्हणत काका तर्री वरून मागतात आणि जादा पावही. श्वास सोडताना त्यांना त्रास होतो. पाव सोडताना होत नाही, कारण तो ते सोडतच नाहीत.

तेव्हा वाचकहो, कपालभाती जरूर करा. उच्च रक्तदाब, हृदयविकार किंवा हर्निया असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नका आणि गरोदरपणी तर नकोच. बाकीच्यांनी मात्र ती संध्याकाळी सहाला करावी आणि दुपारच्या जेवणानंतर तोपर्यंत तोंडात काही टाकू नये. वजन उतरलं तर श्रेय खुशाल कपालभातीला द्या, चिवड्याची काही तक्रार नसते.