आमचा समुद्रकिनारा, मुक्काम सोमनूर

चांद्याला समुद्राशी जोडण्याचा पहिला प्रयत्न इंग्रजांनी केला, दुसरा मी. हेतू दोघांचाही शुद्ध होता.

इंग्रजांचं आधी सांगतो. 1860 मध्ये सिरोंचा हे अप्पर गोदावरी जिल्ह्याचं मुख्य ठाणं झालं. वऱ्हाड-नागपूरकडचा कापूस बोटींत भरायचा आणि गोदावरीतून थेट बंगालच्या उपसागरात न्यायचा, हा सर ऑर्थर कॉटन यांचा ध्यास. नदीला ते मान्य नव्हतं. तिने वाटेत खडकांचे तीन मोठे अडथळे ठेवलेले; त्यांतला एक आपल्या अहेरीजवळ, देवलमरीला. त्यांना वळसा घालायला कालवे खणायला घेतले. मजुरांना तापाने आणि पटकीने गाठलं, खर्च वाढत गेला, तोवर रेल्वे नागपूरला पोचलीसुद्धा. 1871 मध्ये साहेबाने गाशा गुंडाळला.

माझ्या प्रयत्नामागे कापूस नव्हता, बायको होती. तिला मालवण बघायचं होतं. मी हिशेब केला आणि लगेच माझा स्थानिक अभिमान जागा झाला. म्हटलं, “माणसाने आधी आपल्या भागातला किनारा पाहावा. ऐतिहासिक ठाणं, मासेमारी, होड्या, वाळू, सगळं सिरोंच्याला आहे.”

“आणि लाटा?”

“त्या मोसमावर असतात.”

तयारीत मी कसूर ठेवली नाही. नारळाच्या झाडांची छापील अर्धी चड्डी, काळा चष्मा, गवताची टोपी आणि लेकीसाठी हवा भरायची रबरी ट्यूब. ट्यूब गाडीत मावेना म्हणून ती मीच गळ्यात घातली. आलापल्लीच्या पुढे सागवानाच्या जंगलात एका नाक्यावर वनरक्षकाने गाडी थांबवली.

“कुठं चालले जी?”

“बीचवर.”

त्याने माझ्याकडे पाहिलं, मग बायकोकडे पाहिलं. तिने मान खाली घातली. “पाणी भरपूर पीत जा, सर,” एवढंच म्हणून त्याने आडवा बांबू वर केला.

पुढचा रस्ता असा होता की लाटांची हौस तिथेच फिटली. लेकीला उलटी होऊ नये म्हणून मी इतिहास सांगत राहिलो. सिरोंच्याजवळच्या कोटा गावच्या खडकांत जुरासिक काळातले मासे सापडलेत, वडधमला जीवाश्मांचं उद्यान आहे, म्हणजे मासळीची परंपरा मालवणपेक्षा काही कोटी वर्षांनी जुनी, वगैरे. तरी तिला उलटी झालीच.

सिरोंच्याहून आसरअल्लीमार्गे सोमनूरला पोचलो. इथे छत्तीसगडातून आलेली इंद्रावती गोदावरीला मिळते, पलीकडे तेलंगणा. वाळू एवढी की मालवणने मत्सर करावा. लेकीने ओंजळभर पाणी तोंडात घेतलं.

“बाबा, खारट नाही.”

“प्रदूषण कमी आहे इकडे.”

काठावर एक म्हातारे मच्छीमार जाळं झटकत होते. त्यांचं मराठी तेलुगूच्या चालीवर चालायचं, पण माझ्या कोकणी मासेमारीवरच्या व्याख्यानापेक्षा जास्त कळत होतं. व्याख्यान संपावं म्हणूनच बहुधा त्यांनी आम्हाला डोंग्यातून फिरवायचं कबूल केलं.

“बसा जी, सर.”

बसून फोटो कसा निघणार? मी उभा राहिलो. एक पाय डोंग्याच्या काठावर, एक हात कपाळाशी, नजर क्षितिजावर. काठावरून बायको मोबाइल सावरत होती. पुढच्या क्षणी क्षितिज उभं झालं आणि मी गोदामाईच्या पोटात. हातपाय मारत मी वाचवा, वाचवा असं ओरडलो. ट्यूब अर्थातच काठावर लेकीच्या कमरेला होती.

“उभे राहा जी, सर,” म्हातारबाबा शांतपणे म्हणाले.

उभा राहिलो. पाणी गुडघ्याएवढं होतं. सगळी पोझ वाया गेली आणि फोटो नेमका या दुसऱ्या प्रसंगाचा आला.

दुपारी त्यांच्याच अंगणात जेवायला बसलो. भात आणि झणझणीत झिंगे. समुद्राचा निदान एक पुरावा हाती लागला म्हणून मी सरसावलो. बायकोला समजावून सांगितलं, की या गोदावरीच्या झिंग्याची पिल्लं मचूळ पाण्याशिवाय तगत नाहीत. ती खाली समुद्राजवळ वाढतात आणि मग नदी चढून वर येतात. कॉटनसाहेबांच्या बोटीला जे जमलं नाही ते हा बोटभर जीव पायी करतो. आणि पायी करताना, कॉटनसाहेबांनीच 1852 मध्ये जिथे धरण पुरं केलं होतं, ते धवळेश्वरम ओलांडतो! आता त्यात तुपाकुलगुडेमच्या बंधाऱ्याची भर पडली, आणि सोमनूरच्या वर जायचं तर 2019 चं मेडिगड्डा.

“म्हणून आता कमी भेटते,” म्हातारबाबा म्हणाले. “पहिले टोपलं भरून भेटत होते.”

“म्हणजे झिंगे समुद्रावर जातात?” बायकोचा घास थांबला.

“मादी जाते ना बाई. पावसाळ्यात, अंडे पोटाशी घेऊन. खाली खाली जाते.”

“आणि नर?”

“तो कुठं जाते? इथंच राहते, अन् जाळ्यात सापडते.”

बायको काही बोलली नाही. तिने पातेल्यात डाव घालून सगळ्यांत मोठा झिंगा शोधला आणि माझ्या पानात वाढला.