परतकर

आयर्लंडच्या पश्चिमेला, मेयो काउंटीतल्या कुठल्याही गावच्या सुपरमार्केटात तो हमखास भेटतो. नोव्हेंबरातली एखादी मंगळवारची दुपार, ट्रॉलीत धाकटं पोर, ट्रॉलीला लोंबकळणारं थोरलं, आणि स्वतः चहाच्या फडताळासमोर पंढरीला पोहोचल्यासारखा उभा. बॅरीज चहाचा खोका उचलतो, किंमत वाचतो आणि कोणी विचारलेलं नसताना सांगतो, ‘‘तिकडे याला दुप्पट पडतात.’’ शेजारची बाई मान हलवते. तिला चहा हवा असतो, भूगोल नको असतो.

वराडचा तो वराडकर, मालवणचा तो मालवणकर. तसा परतलेला तो परतकर. आयर्लंडमध्ये या कुळाची वस्ती भलतीच मोठी आहे. एप्रिल 2024 ला संपलेल्या वर्षात 30,000 आयरिश नागरिक मायदेशी राहायला आले, असं सरकारी आकडेवारी सांगते. त्याच वर्षात 34,700 आयरिश निघूनही गेले. म्हणजे डब्लिन विमानतळावर परतकर आणि जातकर यांची रोज भेट होत असणार, आणि दोघांनाही एकमेकांची कीव येत असणार.

पोटजाती पुष्कळ. सिडनी-परतकर, बॉस्टन-परतकर, टोरांटो-परतकर, दुबई-परतकर. लंडनहून आलेल्याला मात्र फारसं कोणी मोजत नाही. सव्वा तासाच्या विमानप्रवासाला परदेश म्हणायची लोकांना लाज वाटते.

मुळात परत येणं हीच या देशात नवी गोष्ट. 1845 ला बटाट्याचं पीक कुजलं आणि पुढच्या काही वर्षांत सुमारे दहा लाख माणसं मेली, तितकीच देश सोडून गेली. त्या काळी अमेरिकेला निघालेल्या मुलासाठी आदल्या रात्री घरी गाव जमायचं. गाणी, नाच, दारू आणि पहाटे आईचा हंबरडा. या कार्यक्रमाला ‘अमेरिकन वेक’ म्हणत. वेक म्हणजे मृतदेहाशेजारी बसून केलेलं जागरण. गेलेला पुन्हा दिसणार नाही हे गृहीतच होतं. त्यामुळे त्यातून एखादा चुकून परत आलाच, तर श्राद्ध उरकल्यावर दारात उभ्या राहिलेल्या पितरासारखी घरच्यांची पंचाईत व्हायची. अशाला ‘रिटर्न्ड यँक’ हे खास नाव पडलं. 1952 च्या ‘द क्वाएट मॅन’ या चित्रपटात जॉन वेन पिट्सबर्गहून परतून वडिलोपार्जित घर घेतो, ते चित्रीकरण याच मेयोतल्या काँग गावातलं. गाव अजून त्या परतकराच्या जिवावर पर्यटक ओढतं. खऱ्या परतकराला एवढी किंमत कोणी देत नाही.

त्याच्या परतण्याची सुरुवात बहुतेक वेळा मोबाइलच्या पडद्यावर होते. सिडनीत त्याचं उत्तम चाललेलं असतं. राहायला कूजी, जिथे इतके आयरिश की लोक त्याला ‘काउंटी कूजी’ म्हणतात. हातात पगार, पायाखाली वाळू. आणि एका रविवारी पाच वर्षांची मुलगी व्हिडिओ कॉलवर आजीला अस्सल ऑस्ट्रेलियन हेल काढून म्हणते, ‘‘नो वरीज!’’ त्या रात्रीपासून परतकराला वरीज सुरू होतात. मुलांना आजी-आजोबा मिळायला हवेत, मातीची ओढ लागायला हवी, आपली भाषा कानावर पडायला हवी. तिकडच्या पाळणाघराचं बिल हे चौथं कारण तो बोलून दाखवत नाही. आजीला मात्र ते सर्वांत आधी कळतं.

विमान उतरतं आणि परतकराच्या आयरिशपणाची परीक्षा सुरू होते.

परदेशात दहा वर्षं तो सगळ्यांपेक्षा जास्त आयरिश होता. संत पॅट्रिकच्या दिवशी हिरवा सदरा, कपाटात टेटोच्या चीज-ओनियन वेफर्सचा साठा. 1954 साली सुरू झालेल्या या कंपनीचं पाकीट आई भेटीला येताना बॅगेत घालून आणायची, आणि ते तीर्थप्रसादासारखं माणशी चार वेफर्स असं वाटलं जायचं. आता मायदेशात पोरांमागे दरमहा 140 युरो बालभत्ता मिळावा म्हणून अर्ज करतो, तर ‘नित्य निवासा’ची अट आडवी येते. 2004 पासूनचा हा नियम. पासपोर्ट आयरिश आहे, ठीक. पण तुम्ही खरंच इथे राहायला आला आहात कशावरून? मग तो तिकडचं घर सोडल्याचा कागद, सामान जहाजाने पाठवल्याची पावती, पोरांच्या शाळाप्रवेशाचं पत्र असा गठ्ठा घेऊन रांगेत उभा राहतो. जन्मगावात.

बॉस्टन-परतकराची तऱ्हा याहून न्यारी. ऑस्ट्रेलियाचा वाहन परवाना आयर्लंडमध्ये बदलून मिळतो, अमेरिकेचा मिळत नाही. पाहुणा म्हणून आलात तर त्याच परवान्यावर खुशाल गाडी चालवा. राहायला आलो म्हणालात की नवशिके. पंधरा वर्षं बर्फातून गाडी हाकलेला हा चाळिशीचा गृहस्थ लेखी परीक्षेला बसतो, पुढेमागे लाल ‘एल’ लावतो, मोटरवेवर जायला त्याला बंदी असते, आणि शेजारी किमान दोन वर्षं परवाना असलेलं माणूस लागतं. हे माणूस म्हणजे त्याची सत्तरीची आई. पर्स मांडीवर, हात दाराच्या मुठीवर.

‘‘हळू रे, वळण आहे.’’

‘‘मॅमी, ताशी तीसनेच चाललोय.’’

‘‘तुझे बाबा इथे वीसने जायचे.’’

मागच्या सीटवरून पोरं ही चर्चा कान देऊन ऐकत असतात.

घराचा प्रश्न विचारू नये. आयर्लंडमध्ये घरं शोधण्याच्या सर्वांत नावाजलेल्या संकेतस्थळाचं नाव ‘डॅफ्ट’, म्हणजे खुळा. हे नाव संकेतस्थळाचं की ग्राहकाचं, हे परतकराला तिसऱ्या आठवड्यात उमगतं. मग तो सहकुटुंब आईवडिलांकडे राहतो, ‘फक्त नाताळपर्यंत’. कुठला नाताळ ते सांगत नाही. लहानपणीच्या खोलीत, लहानपणीच्या पलंगावर, भिंतीवरच्या जुन्या फुटबॉलपटूच्या नजरेखाली नवराबायको झोपतात. बाप म्हणतो, वरच्या रानात बांध की घर. पण अनेक काउंटींमध्ये रानात घर बांधायला ‘स्थानिक गरज’ सिद्ध करावी लागते: तुम्ही इथलेच, आणि इथेच राहण्याची तुम्हाला निकड. पुन्हा गठ्ठा. या वेळी त्यात स्वतःच्या प्राथमिक शाळेचा दाखलाही.

त्या घरात एक दैवत असतं, त्याचं नाव इमर्शन. विजेवर पाणी तापवायची टाकी. तिचं बटण कपडे सुकवायच्या उबदार कपाटात, एकीकडे ‘सिंक’, दुसरीकडे ‘बाथ’. आयरिश घरात देवापुढचा दिवा विझला तरी चालतो, इमर्शन चालू राहिलेलं चालत नाही. सिडनीत चोवीस तास गरम पाणी वापरलेला परतकर पहिल्याच आठवड्यात ते रात्रभर ‘बाथ’वर ठेवून झोपतो. सकाळी बाप काही बोलत नाही, फक्त विजेचं जुनं बिल काढून टेबलावर ठेवतो.

सगळ्यात गंमत सुनेची. परतकर निदान परततो तरी. ती बिचारी पहिल्यांदाच येते. ब्रिस्बेनची असेल तर नवऱ्याच्या नात्याने राहण्याची परवानगी मिळवण्यापासून तिची सुरुवात. पश्चिम आयर्लंडमध्ये काही भागांत वर्षाचे सव्वादोनशे दिवस पाऊस पडतो हे तिला लग्नाआधी कोणी सांगितलेलं नसतं. शेजारी ‘आज किती छान मऊ दिवस आहे’ म्हणतात तेव्हा ती खिडकीबाहेर बघते. पाणी आडवं येत असतं.

अशा सोबत आलेल्या जोडीदाराचं आपल्याकडचं एक उदाहरण आहे. मालवण तालुक्यातल्या वराडचे डॉ. अशोक वराडकर इंग्लंडमध्ये असताना वॉटरफर्ड काउंटीतल्या डंगार्व्हनच्या एका परिचारिकेशी त्यांचं लग्न झालं. थोरली मुलगी लेस्टरला झाली, मग कुटुंब भारतात आलं, आणि 1973 ला डब्लिनला जाऊन स्थिरावलं. परतली ती बायको. कोकणातला माणूस तिच्यासोबत गेला. तिथे जन्मलेला धाकटा लिओ 2017 ला आयर्लंडचा पंतप्रधान झाला आणि 2019 च्या डिसेंबरात वराडला येऊन गेला. त्या घरी इमर्शनवरून काय झालं असेल याची इतिहासात नोंद नाही. पण पावसाच्या बाबतीत कोकणी माणूस ब्रिस्बेनच्या सुनेपेक्षा कणखर निघाला असणार, हे सांगायला नोंद लागत नाही.

पोरांचं मात्र वेगळंच. दहातल्या नऊ प्राथमिक शाळा कॅथलिक चर्चच्या छत्राखाली असल्याने परतकराने, तिकडे एरवी चर्चची पायरी न चढता, मुलीचा बाप्तिस्मा ‘असू दे’ म्हणून उरकून घेतलेला असतो. इथे आल्यावर कळतं की 2018 च्या कायद्याने या शाळांच्या प्रवेशाची ती अट गेलीच. तरी दुसरीत सगळ्या वर्गाबरोबर तिलाही पहिल्या कम्युनियनचा पांढरा झगा हवा असतो. नातेवाइकांच्या पाकिटांत पैसे येतात ही बातमी तिला वर्गातूनच लागलेली असते. आयरिश भाषा शाळेत सक्तीची. परतकराला चौदा वर्षं शिकून त्यातलं एकच वाक्य आठवतं, स्वच्छतागृहात जाण्याची परवानगी मागण्याचं. मुलगी घरी येऊन त्याचे उच्चार दुरुस्त करते.

शनिवारी सकाळी गेलिक खेळांच्या क्लबचं मैदान. 1884 ला स्थापन झालेल्या या खेळांच्या संघटनेत गाव म्हणजे क्लब आणि क्लब म्हणजे गाव. परतकर चिखलात उभा राहून दुसऱ्या बापांना सांगतो, तिकडे मैदानांना निचरा असतो. बाप ऐकून घेतात आणि तो पाठमोरा झाल्यावर एकच शब्द म्हणतात: ‘नोशन्स’. नोशन्स म्हणजे माणूस शेफारला, त्याला आपण कोणी आहोत असं वाटायला लागलं. अंगणात बार्बेक्यू बांधणं म्हणजे नोशन्स. कॉफीत ओटचं दूध मागणं म्हणजे नोशन्स. या आरोपावर बचाव नसतो. बचाव केला की तोही नोशन्समध्ये धरतात.

तेवढ्यात त्याची पोरगी मेयोचा लाल-हिरवा सदरा घालून चिखलात लोळून येते. 1951 नंतर मेयोच्या वरिष्ठ पुरुष संघाने गेलिक फुटबॉलचं अखिल आयर्लंड विजेतेपद जिंकलेलं नाही. त्या वर्षी विजयी संघाने वाटेत एका अंत्ययात्रेसमोर गाडी थांबवली नाही म्हणून शाप लागला, अशी दंतकथा आहे. आईच्या ब्रिस्बेनचे सगळे चषक सोडून पोरीने हा शाप सहा महिन्यांत आपलासा केलेला असतो. ‘‘यंदा जिंकू,’’ ती सत्तर वर्षांच्या म्हाताऱ्यासारखा सुस्कारा टाकून म्हणते.

रात्री सगळे निजल्यावर परतकर स्वयंपाकघरात येतो. बॅरीजच्या खोक्यामागे दडवलेली व्हेजिमाइट या ऑस्ट्रेलियन चटणीची बाटली काढतो. सिडनीहून मित्राने पाठवलेली. तिकडे असताना याने तिला तोंडही लावलं नव्हतं. टोस्टवर पातळ थर लावून, उभ्याउभ्या, दिवा न लावता खातो. फोनवर सिडनीचं हवामान बघतो. पंचवीस अंश, लख्ख ऊन.

वरून आईचा आवाज येतो, ‘‘इमर्शन बंद केलंस का रे?’’

तोंडात घास. तो गिळून उत्तर द्यायच्या आत शेजारच्या खोलीतून झोपाळू आवाज येतो, अस्सल मेयोच्या हेलात: ‘‘मी मघाशीच केलं, आजी. बाथवर ठेवलं होतं बाबाने.’’