ओळखीचं गिऱ्हाईक सोडून

लग्न ठरल्याची बातमी पुलगावात सगळ्यात आधी पत्रिका छापणाऱ्याला, म्हणजे मला कळते. मुलीच्या मामाचं नाव कितवं टाकायचं यावर घरचे आधी माझ्या दुकानात भांडतात, मामाला मग कळवतात. बिछायतवाल्या भाऊंनी हे बरोबर हेरलं. "तुमच्याकडं पार्टी आली का मले सांगा. बिलावर पाच टक्के तुमचे. माह्याकडं आली का मी तुमच्याकडं धाडतो."

1872 च्या करार कायद्याला तोंडी बोलणंही चालतं, पण भाऊंना कागद पाहिजे होता. करार काही या गावाला नवा नाही. इथून आर्वीला जाणाऱ्या छोट्या गाडीचे रूळ एका कंपनीचे होते, गाडी चालवणारी रेल्वे दुसरी होती, आणि सगळं करारावर. आमचा तर नुसता मंडप! 500 चा स्टॅम्प घेतला. ऑक्टोबर 2024 आधी शंभरात भागायचं, हे भाऊंनी विक्रेत्याला दोनदा ऐकवलं.

वकीलसाहेबांनी विचारलं, "दलाली बिल झाल्यावर, की पैसे आल्यावर?"

"पैसे आल्यावर," भाऊ म्हणाले. "मागच्या वैशाखातल्या खुर्च्यांचे अजून यायचे आहेत."

माझे पाच टक्के कोणत्या वैशाखात येणार, ते मला तिथेच समजलं.

"उलाढाल वर्षाला 1 कोटीच्या वर असेल, तर मोठ्या दलालीतून 2 टक्के टीडीएस कापावा लागेल."

भाऊ एका क्षणात गरीब झाले. मंडपाची कापडं कशी फाटली आहेत, ते सांगू लागले.

मग मुदत. गिऱ्हाईक सांगितल्यापासून 90 दिवसांत काम मिळालं तरच दलाली, असं वकीलसाहेबांच्या नमुन्यात होतं. मी हरकत घेतली. साक्षगंधाचं कार्ड आषाढाच्या तोंडावर छापलं, तर लग्न थेट तुळशीच्या लग्नानंतर. चातुर्मासातच माझे 90 दिवस संपतात! त्यात 2026 ला अधिक ज्येष्ठ. शेवटी मुदत 'पुढील लग्नसराई संपेपर्यंत' अशी झाली, आणि लग्नसराई कधी संपते यावर अर्धा तास गेला.

खरी गोम पुढच्या कलमात होती. 'पूर्वीपासून ओळख असलेले ग्राहक वगळून.'

"हे तं पाहिजेच," भाऊ म्हणाले. "ओळखीच्या माणसाचे पैसे काहून देऊ?"

"भाऊ, तुम्ही ओळखत नाही असा पुलगावात माणूस कोण?"

भाऊंनी प्रामाणिकपणे विचार केला. स्टेशन झालं, कॉटन मिलची चाळ झाली, नाचणगाव झालं. सगळीकडे कोणी साडू, कोणी शाळासोबती, कोणी उधारीवाला. शेवटी एकच जागा उरली, दारूगोळ्याचा डेपो. तिथे साऱ्या देशातून बदलून आलेली माणसं, भाऊंना खरोखर अनोळखी. पण ती लेकरांची लग्नं आपापल्या गावी जाऊन करतात. एवढ्यात भाऊंना आठवलं, "तुमच्याकडं मी भाचीला धाडलं होतं, त्याचं काय?" भाचीचं म्हणून त्या पत्रिकांचे मी पैसेच घेतले नव्हते. शून्याचे पाच टक्के किती, ते भाऊंनी वकीलसाहेबांना विचारून पाहिलं.

कलम तसंच राहिलं. आम्ही सह्या केल्या. साक्षीदार म्हणून केटररला बोलावलं होतं. त्यानं कागद वरपासून खालपर्यंत वाचला, पेनचं टोपण परत लावलं आणि म्हणाला, "दोघांकडंही पार्ट्या धाडतो तं मीच. माहे किती लिहिले?"