कोथरूडचा आंतरराष्ट्रीय फ्लॅट

घर विकणाऱ्यावर आयकर खात्याचा किती विश्वास आहे, हे तो माणूस वर्षातले किती दिवस भारतात राहतो यावर ठरतं. पासपोर्टचा रंग, गणपतीला न चुकता पाठवलेली वर्गणी, विमानतळावर डोळ्यांत आलेलं पाणी, यांना फॉर्मात रकानाच नाही. माझा थोरला भाऊ न्यू जर्सीत असतो. तिकडचा नागरिक झाला, तरी कोथरूडचा दोन बेडरूमचा फ्लॅट त्यानं सोडला नव्हता. २०२५ साली तो विकायचं ठरलं आणि मी दादाचा कुलमुखत्यार झालो. न्यूयॉर्कच्या भारतीय वकिलातीचा शिक्का मिरवत कागद आला, त्यावर तीन महिन्यांच्या आत इथलं मुद्रांक शुल्क भरलं. आता सह्या केल्या की संपलं, अशी माझी समजूत.

गिऱ्हाईकही चांगलं मिळालं होतं. निवृत्त गणिताचे सर. भाव ९० लाख. पन्नास लाखांच्या वरचं घर घेताना एक टक्का कापून सरकारात भरायचा असतो, हे सरांना ठाऊक होतं. ९० हजारांचा हिशोब वहीत मांडूनच ते आमच्या सीए बाईंकडे आले.

"सर, तो एक टक्का निवासी मालकाला," बाई म्हणाल्या. "हे अनिवासी. यांना कलम १९५. साडेबारा टक्के, त्यावर अधिभार, वर चार टक्के उपकर. कर खरं तर नफ्यावर आहे, पण नफा किती हे तुम्ही ठरवायचं नाही. खात्याचा दाखला येईपर्यंत पूर्ण किमतीवर कापा."

"म्हणजे किती?"

"१२ लाख ८७ हजार."

सरांनी वहीत आकडा ताडून पाहिला. उत्तर बरोबर आलं, त्यामुळे ते जास्तच हादरले.

"आणि हे कापायचं मी?"

"तुम्हीच. नाही कापलंत तर कसूरदार तुम्ही. कर तुमच्याकडून वसूल होणार, वर व्याज."

लग्नात नवरदेवाचे जोडे पळवायला करवल्या असतात. इथे ते काम सरकारनं सरांवर सोपवलं होतं. मालक सातासमुद्रापार, उद्या पैसे घेऊन बसला तर त्याला गाठणार कोण? म्हणून जो हाताशी सापडतो त्यालाच वसुली कारकून नेमायचं. बिनपगारी. नेमणुकीसाठी सरांना टॅन नावाचा दहा अक्षरी क्रमांक काढावा लागला. तो एरवी पगार वाटणाऱ्या कंपन्या काढतात. सरांनी आयुष्यात फक्त मार्क कापले होते.

मग दाखल्याची खटपट. फॉर्म १३ भरायचा, खरेदीखत, बँकेचे उतारे, जुनी विवरणपत्रं जोडायची. ही फाइल जाते आयकर खात्याच्या आंतरराष्ट्रीय शाखेकडे. पाण्याची वेळ सकाळी सहा ते आठ, लिफ्ट दिवसाआड बंद, आणि प्रकरण आंतरराष्ट्रीय!

दादानं फ्लॅट २००६ मध्ये १८ लाखांना घेतला होता. नफा ७२ लाख, मूळ कर ९ लाख. तो मी त्याला फोनवर सांगितला.

"पण महागाई धरतात ना?" दादा म्हणाला.

धरायचे. २३ जुलै २०२४ पासून ती सोय गेली. नंतर ओरडा झाला, तेव्हा त्या तारखेआधी घेतलेल्या घरांसाठी जुना पर्याय परत दिला, पण फक्त निवासी लोकांना. दादाच्या जागी मी असतो, तर महागाई वजा जाऊन वीस टक्क्यांनी मूळ कर सात लाखांच्या आत आला असता. एकाच मजल्यावर एकाच वर्षी घेतलेले दोन फ्लॅट. महागाई एकाच्या दारावरून गेली, असं कायद्याचं म्हणणं.

"रेल्वेचे रोखे घे," मी सुचवलं. "पन्नास लाखांपर्यंतच्या नफ्यावर कर नाही. पाच वर्षं हात लावायचा नाही."

"रेल्वेत पैसे घालायला हरकत नाही रे, पण वेळापत्रकावर पाच वर्षं कोण विश्वास ठेवतो?"

दाखला आला. कापायची रक्कम साधारण १० लाख ३० हजारांवर उतरली. सरांनी ती भरली, तिमाहीचं विवरण भरलं, प्रमाणपत्रही दिलं. पैसे दादाच्या एनआरओ खात्यात पडले. तिथून बाहेर न्यायला पुन्हा फॉर्म १५सीए, सीएंचा १५सीबी, आणि वर्षाला दहा लाख डॉलरची मर्यादा. ती ऐकून दादाला उगाचच श्रीमंत वाटलं.

व्हिडिओ कॉलवर तो सीए बाईंना म्हणाला, "आमच्याकडे असं नसतं हो. इथे माणसावर विश्वास ठेवतात."

बाई शांतपणे म्हणाल्या, "तुमच्याकडे १९८० पासून फिर्प्टा आहे. परदेशी माणसानं अमेरिकेतलं घर विकलं, की घेणारा सहसा किमतीच्या १५ टक्के कापून ठेवतो. नफ्याच्या नाही, किमतीच्या. आणि हा नफा तिकडच्या विवरणातही दाखवा. इथे भरलेल्या कराची वजावट मागता येईल."

पलीकडे बराच वेळ फक्त पंख्याचा आवाज. तो पंखा आमचाच होता.

सर मात्र शहाणे होऊन बाहेर पडले. त्यांच्या मुलीलाही घर बघायचंय, त्याची छोटी जाहिरात त्यांनी स्वतःच्या अक्षरात लिहून मला तपासायला दिली: 'दोन बेडरूमचा फ्लॅट हवा. पूर्वाभिमुख, पार्किंगसह. एजंट व अनिवासी क्षमस्व.'