‘सँक्शन’मीमांसा

विधिशास्त्राच्या अभ्यासकांना ‘सँक्शन’ या संज्ञेने जितके छळले आहे तितके फार थोड्या संज्ञांनी छळले असेल, कारण तिचा एक अर्थ मंजुरी असा आहे आणि दुसरा शिक्षा असा. कृत्याला ‘सँक्शन’ मिळाले तर ते करण्यास मुभा आहे असे समजावे, आणि कृत्याबद्दल ‘सँक्शन’ लागले तर ते करावयास नको होते असे समजावे. भाषेचे पंडित याला परस्परविरोधी अर्थांचा शब्द म्हणून मोकळे होतात. शासनव्यवहार जवळून न्याहाळला असता मात्र विरोध कोठेच आढळत नाही. दोन्ही अर्थ एकाच टेबलावरून निघतात, आणि कोणता अर्थ कोणाच्या वाट्याला यावा हे ज्याच्या त्याच्या हुद्द्यावरून ठरते.

संज्ञेचा इतिहासही याला पोषकच आहे. तिचे मूळ असलेल्या लॅटिन शब्दात एखादी गोष्ट पवित्र आणि अनुल्लंघनीय ठरवण्याचा भाव होता, आणि रोमन कायद्यात उल्लंघनाचे परिणाम सांगणाऱ्या अंशाला हे नाव होते. जेरेमी बेंथॅम याने १७८९ च्या ग्रंथात भौतिक, राजकीय, नैतिक आणि धार्मिक अशी चार ‘सँक्शने’ मांडली, आणि त्यांत दुःखाबरोबर सुखालाही जागा ठेवली. पुढे १८३२ मध्ये जॉन ऑस्टिन याने कायदा म्हणजे सार्वभौमाची आज्ञा अशी व्याख्या करून, ती मोडल्यास होणारे अनिष्ट तेवढे ‘सँक्शन’ ठरवले आणि सुखाला बाहेरचा रस्ता दाखवला. भारतीय प्रशासनाने या सुखाचे पुनर्वसन केले, फक्त ते कार्यालयीन वापरापुरते राखून ठेवले.

या पुनर्वसनाचे उत्तम उदाहरण म्हणजे अभियोगपूर्व मंजुरी, म्हणजेच लोकसेवकावर खटला चालवण्यापूर्वी सक्षम प्राधिकाऱ्याने, म्हणजे ज्याला त्या लोकसेवकास पदावरून दूर करण्याचा अधिकार आहे अशा वरिष्ठाने वा शासनाने, द्यावयाची अनुमती. भ्रष्टाचार प्रतिबंधक अधिनियम, १९८८ च्या कलम १९ नुसार ही मंजुरी नसेल तर न्यायालयाला लाचखोरीच्या गुन्ह्याची दखलच घेता येत नाही. प्रामाणिक अधिकाऱ्याला खोडसाळ तक्रारींपासून अभय मिळावे हा त्यामागील हेतू निःसंशय स्तुत्य आहे. अडचण एवढीच की अभय देताना प्रामाणिकपणाची खात्री करावी लागत नाही, खुर्चीची करावी लागते. २०१८ च्या दुरुस्तीने कलम १७ अ आणून, कार्यालयीन शिफारशी वा निर्णयांशी निगडित आरोपांची चौकशी सुरू करण्यासाठीही पूर्वमान्यता आवश्यक केली. त्यामुळे एकाच माणसाला शिक्षा होण्यापूर्वी त्याच्या घराण्यातील वडीलधाऱ्यांना दोनदा विचारले जाते. लाच घेताना रंगेहाथ पकडला गेलेला मात्र यांतील पहिल्या, म्हणजे चौकशीपूर्वीच्या, विचारणेतून वगळला आहे. पैसे मोजताना सापडण्याइतका जो अकुशल आहे त्याची जबाबदारी घेण्यास कोणतीही यंत्रणा तयार नसते, हे समजण्यासारखे आहे.

अधिकाऱ्याच्या वाट्याला मंजुरी आणि नागरिकाच्या वाट्याला शिक्षा हे श्रमविभाजन महाराष्ट्राच्या नगरप्रशासनात अधिकच सुबक झाले आहे. महानगरपालिका अधिनियमातील कलम २६७ अ नुसार अनधिकृत बांधकामावर ‘शास्ती’, म्हणजे दंडात्मक आकारणी, बसते आणि मूळ तरतुदीप्रमाणे ती मालमत्ता कराच्या दुप्पट होती. ही रक्कम घेतली म्हणजे बांधकाम नियमित झाले असे समजू नये, असेही तेच कलम बजावते. याचा अर्थ असा की पालिका दरवर्षी घराचे पैसे घेईल, पावती देईल, आणि घर मात्र कायद्याच्या दृष्टीने तेथे असावयास नको असेल. पाडणे आणि मान्य करणे या दोन टोकांच्या मधोमध वसूल करणे नावाचा तिसरा मार्ग विधिशास्त्राला या राज्याने दिला. पिंपरी-चिंचवडच्या रहिवाशांनी या शास्तीविरुद्ध वर्षानुवर्षे आंदोलने केली, निवडणुकांच्या प्रचारात ती माफ करण्याची आश्वासने झडली, आणि अखेर मार्च २०२३ मध्ये थकीत शास्ती माफ झाली. ज्यांनी ती वेळेवर भरली होती त्यांना कायदा पाळण्याचे फळ काय असते याचा बोध झाला.

आंतरराष्ट्रीय क्षेत्रात हा शब्द निर्बंध या अर्थाने वावरतो आणि तेथेही तो पदाची बूज राखतो. मे १९९८ मध्ये पोखरणला अणुचाचण्या झाल्यावर अमेरिकेने भारतावर आर्थिक निर्बंध लादले; पुढे टप्प्याटप्प्याने सवलती देत सप्टेंबर २००१ मध्ये, अफगाणिस्तानच्या मोहिमेसाठी या उपखंडातील मित्रांची निकड भासताच, त्यांतील बहुतेक उठवले. चाचण्या रद्द झाल्या नव्हत्या, बदलली होती ती केवळ गरज.

पुन्हा मंजुरीकडे वळले तर तिच्या वापरात विलंब हाच खरा कळीचा मुद्दा राहतो, कारण नकार दिला तर त्याला कारणे द्यावी लागतात आणि फाईल प्रलंबित ठेवली तर काहीच द्यावे लागत नाही. कायद्याने यावर उपाय योजले आहेत. अभियोगपूर्व मंजुरीसाठी तीन महिने आणि कायदेशीर सल्ल्याची गरज असल्यास आणखी एक महिना अशी मुदत आहे. ती पाळणे बंधनकारक असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये सांगितले, मात्र मुदत टळल्याने खटला रद्द होणार नाही, विलंब करणारा प्राधिकारी त्याला जबाबदार राहील, असेही स्पष्ट केले. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने तर सर्वसाधारण गुन्ह्यांच्या बाबतीत १२० दिवसांत निर्णय न झाल्यास मंजुरी दिली गेल्याचे मानावे, अशी तरतूद करून आळसालाही सहीचा दर्जा दिला. तेव्हा आता उरते ती एकच सैद्धांतिक अडचण: विलंबासाठी जबाबदार ठरलेल्या प्राधिकाऱ्यावर कारवाई करावयाची झाल्यास तिचा प्रस्ताव त्याच्या वरिष्ठाकडे जाईल, आणि वरिष्ठाला तो मंजूर करावा लागेल.