व्हॉल्व्हच्या अ‍ॅम्पचं व्होल्टेज: स्वारगेटकरांसाठी प्राथमिक मार्गदर्शन

अभिनंदन! अमेरिकेतल्या भाच्याने जुना फेंडर अ‍ॅम्प आणून तुमच्या स्वारगेटच्या दोन खोल्यांत टाकला. पहिली सूचना: प्लग हातातच ठेवा. अ‍ॅम्पच्या पाठीवर 117 व्होल्ट लिहिलंय, भिंतीत 230 आहेत. स्टेपडाउन न लावता बटण दाबलंत, तर पुढचं वाचायची गरज उरणार नाही.

स्टेपडाउन लावलात, तरी गुरगुरतोय? नवशिक्याला आता हमखास व्हॉल्व्ह बदलावासा वाटतो, कारण तो हाताने उपसता येतो. थांबा. व्हॉल्व्ह महाग, मीटर स्वस्त. मेट्रोने मंडई गाठा, तपकीर गल्लीत शिरा आणि 600 व्होल्ट डीसी मोजणारा मीटर घ्या.

आधी भिंत मोजा. वीज नियमांना सहा टक्के वरखाली चालतं, म्हणजे साधारण 216 ते 244. गणपतीत, रोषणाई चालू असताना, पुन्हा मोजा. भिंतीत दहा टक्के वाढले की आतही तेवढेच वाढतात, 6.3 चा हीटर 6.9 वर जातो.

आता उघडा. पण बंद केलेला अ‍ॅम्प बंद नसतो! प्लग काढला तरी फिल्टर कपॅसिटर चारशे व्होल्ट धरून बसलेला असू शकतो. रेझिस्टर लावून तो रिकामा करा, मीटरवर शून्य बघा, मग परत बघा. स्क्रूड्रायव्हरने ठिणगी पाडून दाखवणारे एक काका प्रत्येक वाड्यात असतात. त्यांना चहा आणायला पाठवा. चालू अ‍ॅम्पमध्ये मोजताना एक हात खिशात.

पुन्हा चालू करताना स्टेपडाउनच्या आधी सिरीजमध्ये 100 वॉटचा बल्ब लावा. तारेचा, एलईडी नव्हे. लख्ख पेटून तसाच राहिला, तर आत शॉर्ट आहे. पेटून मंदावला, तर बरं लक्षण. मात्र बल्ब लावून मोजलेले आकडे कमीच येणार आणि व्हॉल्व्ह काढून मोजलेले जास्त. दोन्ही घेऊन रडत बसू नका.

गुरगुर 100 हर्ट्झची असेल, तर संशय फिल्टर कपॅसिटरवर. 50 ची असेल, तर हीटरची वायरिंग आणि अर्थिंग बघा.

समजा, सर्किटच्या नकाशावर 415 आहेत आणि मीटर 440 दाखवतोय. घाबरू नका, फेंडरनेच जुन्या नकाशांवर बारीक अक्षरात वीस टक्के वरखाली धरायला सांगितलंय. 250 च दिसले, तर मात्र रेक्टिफायर व्हॉल्व्ह बदलून बघा. इतका वेळ दाबून ठेवलेली हौस इथे भागवा.