चार दिवसांत जिवलग कसे व्हावे

(विद्यार्थी शिबिराला प्रथमच येणाऱ्या बंधुभगिनींसाठी उपयुक्त सूचना)

जन्मभराचं नातं जुळायला साधारणपणे जन्म जातो. ख्रिस्ती विद्यार्थी शिबिरात त्यासाठी चार दिवस दिलेले असतात आणि त्यातला अर्धा दिवस नोंदणीच्या रांगेत संपतो. त्यामुळे काम पद्धतशीर व्हायला हवं. पुढील सूचना बुलढाणा जिल्ह्याची परिस्थिती डोळ्यांसमोर ठेवून केल्या आहेत. इतर जिल्ह्यांतल्या शिबिरार्थींनी त्या घाट वगळून वाचाव्यात.

१. आगमन

बुलढाणा शहराला रेल्वे नाही. नातं जुळण्याच्या दृष्टीनं ही मोठी सोय आहे. मलकापूरला गाडीतून उतरावं, एसटी धरावी आणि राजूर घाट चढावा. वळणं सुरू झाली की शेजारच्याचा चेहरा पांढरा पडतो. त्याला प्रवचन देऊ नये, पिशवी द्यावी. पत्रकात 'परस्पर परिचय : सायं. ६ वा.' असं छापलेलं असतं, पण खरा परिचय इथंच उरकतो. ज्यानं आपल्यासाठी पिशवी धरली, त्याच्यापुढे मग कशाचीच लाज उरत नाही.

शेगावकडून येणाऱ्यानं कचोऱ्या आणण्याची रीत आहे. आमच्या वेळी सहा जणांत पाच कचोऱ्या आल्या होत्या. पाच भाकरींत पाच हजार जेवल्याची गोष्ट सगळ्यांना पाठ होती, पण ऐनवेळी ती कामाला येईना. तेव्हा जळगाव जामोदकडचा एक पोरगा म्हणाला, "मले भूक नाही बा, तुम्ही खा." असा सहावा प्रत्येक गटात असतो. त्याला लक्षात ठेवावं, पुढे त्याचं काम पडतं.

२. गट पाडणे

गट सहा ते आठ जणांचा असतो आणि त्याला बेथेल, गालील, यार्देन असं नाव असतं. ज्या मित्राच्या भरवशावर तुम्ही आलात, त्याला हटकून दुसऱ्या गटात टाकलेलं असतं. "दादा, मला बेथेलमध्ये घ्या ना," अशी विनंती करू नये. जब्दीच्या मुलांनी उजव्या-डाव्या आसनांसाठी असाच अर्ज केला होता. तो मंजूर झाला नाही.

लहान गट ही शुद्ध आध्यात्मिक कल्पना आहे, अशी समजूत असल्यास काढून टाकावी. ती वसुलीतून निघाली आहे. १७४२ साली इंग्लंडमधल्या ब्रिस्टल शहरात जॉन वेस्लीच्या मंडळीवर सभागृहाचं कर्ज होतं. ते फेडायला बाराएक जणांचे वर्ग पाडले आणि दर आठवड्याला माणशी एक पेनी जमवायचं ठरलं. वर्गप्रमुख पेनी मागायला घरोघर जाऊ लागले. दार उघडलं की आत कोण आजारी आहे, कोण पितंय, कोणाचं कोणाशी बिनसलंय, तेही दिसू लागलं. पेनी बाजूला राहिली आणि माणसं हाती लागली. तुमचा गटप्रमुख उरलेलं शिबिरशुल्क मागायला आला, तर त्याच्याकडे या परंपरेचा वारस म्हणून पाहावं आणि पैसे द्यावेत.

जिल्ह्यात तालुके १३ असले तरी माणसं दोनच जातीची : घाटावरची आणि घाटाखालची. गटात दोन्ही असावीत. घाटाखालचा माणूस स्वेटर आणत नाही, कारण त्याच्या गावी थंडी ही ऐकीव गोष्ट असते. बुलढाण्याची रात्र त्याचा गैरसमज दूर करते. मग घाटावरचा आपल्या चादरीचं एक टोक त्याला देतो. एका चादरीत दोघे मावत नाहीत, म्हणून दोघेही जागे राहतात आणि जागे राहिल्यामुळे बोलतात. संयोजकांनी पुरेशा चादरी पुरवून हा कार्यक्रम बिघडवू नये.

३. शांत समय

पहाटे सहाला प्रत्येकानं पवित्र शास्त्र घेऊन एकेका झाडाखाली बसायचं असतं. नवशिक्यांनी स्तोत्र ११९ उघडावं. त्यात १७६ वचनं आहेत, त्यामुळे पान बराच वेळ उलटलं नाही तरी संशय येत नाही. मान खाली घालून मनन आणि मान खाली घालून झोप यांत लांबून फरक कळत नाही. तरीही पाळकसाहेब त्या बाजूला फिरकले की शेजारच्या झाडाखालून एक बारीक खडा येऊन पायाला लागतो. गेथशेमाने बागेत तिघे शिष्य झोपी गेले, तेव्हा त्यांना खडा मारणारं कोणी नव्हतं. तुम्हाला आहे, याबद्दल आभार मानावेत.

४. गटचर्चा आणि प्रार्थनेचे विषय

पहिल्या दिवशी सगळ्यांचा प्रार्थनेचा विषय 'परीक्षा' असतो. दुसऱ्या दिवशी 'आईची तब्येत' असतो. तिसऱ्या रात्री वीज जाते आणि मग खरं काय ते बाहेर येतं.

घरातली दारू येते, फीपायी सुटलेलं कॉलेज येतं. आणि एक गोष्ट जवळजवळ प्रत्येकाकडे असते. अलायन्स मिशनच्या कामातून वऱ्हाडात ज्या मंडळ्या उभ्या राहिल्या, त्या लहान आहेत. कॉलेजच्या वर्गात आपला असा एखादाच निघतो. हजेरीला "आडनाव जाधव, मग ख्रिश्चन कसे?" हा प्रश्न दरवर्षी नवे सर नव्यानं विचारतात. नाताळची सुट्टी संपल्यावर "तुमच्यात नक्की काय करतात?" याचं उत्तर एकट्यालाच द्यावं लागतं. त्या अंधारात सहा जण बसलेले असतात आणि कोणालाच काही समजावून सांगावं लागत नाही. भारतात विद्यार्थी ख्रिस्ती चळवळ १९१२ पासून आणि युईएसआय १९५४ पासून पोरांना असं एकत्र बसवत आली आहे. ते कशासाठी, हे अशा वेळी कळतं.

अशा प्रसंगी पाळायचे नियम तीन आहेत.

(अ) लगेच वचन सांगू नये. ईयोबाचे मित्र त्याच्याजवळ सात दिवस गप्प बसले, तोवर त्यांचं उत्तम चाललं होतं. तोंड उघडल्यावर बिघडलं.

(आ) रडणाऱ्याला पाणी द्यावं. तांब्या भरायला जाणाऱ्यानं चप्पल शोधत बसू नये.

(इ) ऐकलेलं गटातच ठेवावं. "तिच्यासाठी प्रार्थना करा हं, म्हणून सांगतेय," असं सुरू होणारं वाक्य म्हणजे पांढरी साडी नेसून उपासनेला आलेली चहाडी. तिला दारातूनच परत पाठवावं.

५. भांडी घासणे

भांड्यांची पाळी हा शिबिरातला सर्वांत दुर्लक्षित आणि सर्वांत परिणामकारक विधी आहे. ताटं घासताना मैत्री होत नाही, ताटं ज्याची त्यानं घासायची असतात. मैत्री होते ती पिठल्याच्या पातेल्याशी. ते एकट्याला उचलत नाही आणि बुडाशी धरलेला थर एकट्यानं निघत नाही. एक जण घासतो, एक पाणी ओततो, एक धरतो आणि उरलेले तिघे आपण काहीतरी करतोय असं दाखवायला गाणी म्हणतात. यातला घासणारा कोण आहे, ते पाहून ठेवावं. आमच्याकडे तोच होता, सहावा.

६. सहल

सहल लोणारला जाते. बुलढाण्याहून ते नव्वदेक किलोमीटर पडतं. सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचं, उल्का आदळून काळ्या बेसाल्टात झालेलं हे विवर आहे. १८२३ साली अलेक्झांडर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं त्याची नोंद केली. २०२० च्या जूनमध्ये खारट पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे तळं गुलाबी झालं होतं आणि त्याच वर्षी त्याला रामसर दर्जा मिळाला. ही माहिती गटातली बी.एस्सी.ची मुलगी काठावर उभी राहून सांगते. कोणी ऐकत नाही, कारण सगळे फोटोसाठी केस सारखे करत असतात. त्यानंतर गटप्रमुख 'देव असाच आपल्या जीवनात येऊन आदळतो' या विषयावर बोलतो. त्यालाही कोणी ऐकत नाही.

सहलीचा उपयोग परतीच्या चढणीवर होतो. उतरताना सगळे मित्रच असतात. चढताना ज्याचा दम लागतो त्याच्यासाठी कोण थांबतं आणि कोण वर जाऊन रसवंती गाठतं, याची मनात नोंद करावी. वही काढू नये, वाईट दिसतं.

७. निरोप

शेवटच्या सकाळी रडणं सक्तीचं नाही, पण सुटकाही नाही. पवित्र शास्त्राच्या कोऱ्या पानावर एकमेकांचे नंबर लिहावेत. दावीद आणि योनाथान यांच्यासारखं राहू, अशा शपथा घ्याव्यात. योनाथानानं आपला झगा, तलवार, धनुष्य आणि कंबरपट्टा काढून दिला होता. तुम्ही निदान उसनी घेतलेली चादर परत करावी.

व्हॉट्सॲप गट मलकापूर येण्याआधी तयार होतो. पहिल्या आठवड्यात तिथं श्वास घ्यायला जागा नसते. दुसऱ्या महिन्यात फक्त 'सुप्रभात' उरतं. सहाव्या महिन्यात कोणीतरी चुकून हप्त्यावर मोबाइल घेण्याची जाहिरात टाकतो आणि दोन जण निघून जातात. यातली कोणती मैत्री टिकणार, हे निरोपाच्या दिवशी सांगता येत नाही. भेंडवळच्या घटमांडणीत पाऊस, पीक, राजा सगळ्यांचं भाकीत निघतं. शिबिराच्या मैत्रीसाठी मात्र तिथंही घट मांडत नाहीत.

८. देखभाल

इथवर सगळ्या सूचना पाळूनही नातं टिकेल याची हमी नाही. शिबिर फक्त ओळख करून देतं, नातं पुढं कुठंतरी, कार्यक्रमपत्रिकेत नसलेल्या दिवशी जुळतं.

शिबिरानंतर बऱ्याच वर्षांनी माझे वडील खामगावला दवाखान्यात होते. ऐन पावसाळा होता. मी गटावर 'प्रार्थना करा' एवढंच टाकलं. चार जणांनी हात जोडलेले पाठवले, एकानं वचन पाठवलं. रात्री नवाच्या सुमाराला सहावा दारात उभा होता. दोन एसटी बदलून आलेला, पँट गुडघ्यापर्यंत भिजलेली, हातात डबा. डब्यात भाकरी, वांग्याची भाजी आणि ठेचा होता. मी म्हटलं, "चल, दोघं मिळून खाऊ."

"तू खाय," तो म्हणाला. "मी जेवून आलो."

या खेपेला मी ऐकलं नाही. डबा उघडून भाकरीचे दोन भाग केले आणि अर्धी त्याच्या हातात दिली. तो सकाळपासून जेवला नव्हता.

तेव्हा शिबिरार्थींनो, सूचना शेवटची : कचोऱ्या मोजून आणा, आणि मोजताना जो "भूक नाही" म्हणणार आहे त्याला आधी धरा.